कात्री कोणाच्या हाती?

(पक्षाच्या नियतकालिकांसाठी लिहिणाऱ्या, छायाचित्रे काढणाऱ्या व अंक बांधणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



छायाचित्रकार आणि पानांची मांडणी करणारे कलावंत, असा विषय मी निवडला तेव्हा आपल्यापैकी एकदोघांनी मला विचारले, की हा विषय आपल्या कामाचा आहे काय? आपल्या अंकाला कागद कसाबसा मिळतो, वर्गणीदार वर्गणी वेळेवर पाठवीत नाहीत. अशा स्थितीत पान सुंदर कसे दिसावे ही चिंता श्रीमंतांच्या मासिकांनी करावी! मला हे म्हणणे मान्य नाही. पानाची मांडणी ही सजावट नव्हे. कोणते चित्र मोठे छापावयाचे, कोणाचा चेहरा कापावयाचा, चित्राखाली काय लिहावयाचे, हे ठरविताना आपण एक विधान करीत असतो. मजकुरात केलेल्या विधानाची जबाबदारी आपण घेतो. पानावर केलेल्या विधानाचीही घेतली पाहिजे.

ही गोष्ट पहिल्यांदा ओळखली ती जर्मनीतील कामगार चळवळीने. 1920 नंतरच्या दशकात बर्लिनमधून विली म्युन्त्सेनबर्ग या कम्युनिस्ट संघटकाच्या पुढाकाराने एक सचित्र साप्ताहिक निघत असे. त्याच्या लांबलचक जर्मन नावाचा अर्थ ‘कामगारांचे सचित्र पत्र’. नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘ए-आय-झेड’ म्हणतात. या पत्रापुढे पहिली अडचण उभी राहिली ती साधी होती. छायाचित्रे विकणाऱ्या संस्थांकडे मंत्र्यांची, नटनट्यांची, घोड्यांच्या शर्यतींची चित्रे ढिगाने होती. कामगाराच्या खोलीचे, संपाच्या सभेचे, बेकारांच्या रांगेचे चित्र मात्र मिळत नसे. तेव्हा 1926 साली या पत्राने आपल्या वाचकांनाच आवाहन केले, की तुमचे जीवन तुम्हीच टिपा आणि आमच्याकडे पाठवा. त्यातून कामगार छायाचित्रकारांची संघटना उभी राहिली आणि त्यांचे स्वतंत्र मासिकही निघू लागले. ज्याच्याकडे आजवर दुसरे लोक पाहत आले, तो आता स्वतः पाहू लागला. आपल्या विषयाचा हा पाया आहे.

याच पत्रात 1930 पासून जॉन हार्टफील्ड काम करू लागला. त्याचे मूळ नाव हेल्मुट हर्त्सफेल्ड. पहिल्या महायुद्धात जर्मनीत इंग्रजद्वेषाचा उन्माद माजला, तेव्हा त्याचा निषेध म्हणून या जर्मन तरुणाने 1916 साली आपले नाव इंग्रजी करून घेतले! त्याची हत्यारे म्हणजे कात्री आणि डिंक. बहुतेक छायाचित्रे तो स्वतः काढीत नसे. वर्तमानपत्रांतील चित्रे तो कापी, हवे ते चित्र छायाचित्रकाराकडून मुद्दाम काढून घेई, आणि ते तुकडे जोडून नवे चित्र रची.

1932 सालची त्याची दोन चित्रे पाहा. एकात हिटलर भाषण देत आहे, पण त्याची छाती क्ष-किरणाच्या चित्रासारखी पारदर्शक आहे आणि पाठीच्या कण्याच्या जागी सोन्याच्या नाण्यांची चवड रचलेली आहे. दुसऱ्यात हिटलरने सलामीसाठी हात मागे वाकविला आहे, आणि त्याच्या मागे उभा असलेला, पानाच्या वरच्या कडेबाहेर जाणारा एक धिप्पाड गृहस्थ त्या हातात नोटांची थप्पी ठेवीत आहे. मथळ्यात हिटलरचीच बढाई आहे: माझ्या पाठीशी लक्षावधी उभे आहेत! हे लक्षावधी माणसांचे की पैशांचे, हे सांगायला लेखाची गरज उरत नाही.

1935 सालचे आणखी एक चित्र आहे. लोखंडाने राष्ट्र बलवान होते, लोण्याने माणसे फार तर लठ्ठ होतात, अशा अर्थाचे भाषण गोअरिंगने हँबर्ग येथे केले होते. हार्टफील्डने एक कुटुंब जेवणाच्या टेबलाशी बसविले. आई, बाप, आजी सारे जण लोखंडाचे तुकडे खात आहेत; पाळण्यातले बाळ कुऱ्हाडीचे पाते चघळीत आहे. आणि ज्या भाषणावर हा आघात आहे त्यातले वाक्य चित्राखाली छापले आहे.

यातली खुबी नीट ध्यानात घ्या. तुकड्यांचे सांधे तो इतक्या काळजीने बुजवी, की डोळ्यांना ते सहसा जाणवत नाहीत. तरीही तो कोणाला फसवीत नाही. हिटलरच्या पोटात खरोखरच नाणी आहेत असे कोणताही वाचक समजत नाही. हे चित्र रचलेले आहे, कोणी रचले आहे, कोणत्या वाक्याला उत्तर म्हणून रचले आहे, हे सारे पानावर उघड असते. चित्र खोटे, पण विधान खरे. आणि चित्र खोटे असल्याची कबुली त्यातच दिलेली. मी याला दिसणारा सांधा म्हणतो.

या कामाची किंमत त्याने मोजली. 1933 च्या एप्रिलमध्ये हिटलरचे सैनिक त्याच्या घरात शिरले, तेव्हा बाल्कनीतून उडी टाकून तो निसटला आणि डोंगर ओलांडून प्रागला पोहोचला. तेथून पत्र पुन्हा निघू लागले. 1934 साली प्रागमधील एका प्रदर्शनात त्याची चित्रे लागली, तेव्हा जर्मन वकिलातीने निषेध नोंदविला आणि काही चित्रे उतरवावी लागली. 1938 साली त्याला तेथूनही पळून इंग्लंडला जावे लागले. कागदाच्या तुकड्यांना सत्ता किती भिते, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

परंतु आपण येथे आरती ओवाळायला जमलेलो नाही. हार्टफील्डने 1930 साली केलेले एक प्रसिद्ध चित्र आहे. एका माणसाचे डोके वर्तमानपत्रांत असे गुंडाळले आहे, की ते कोबीच्या गड्ड्यासारखे दिसते. त्यातले एक वर्तमानपत्र म्हणजे ‘फोरवेर्ट्‌स’, जर्मनीतील सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे मुखपत्र. पुढच्या वर्षी त्याच पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी त्याने सुटाबुटातल्या देहावर वाघाचे डोके बसविले. तुम्ही भांडवलशाहीच्या वाघाचे दात काढायला निघाला आहात, पण आधी त्याची शुश्रूषा करून त्याला धष्टपुष्ट करणार आहात, असा त्याचा टोमणा होता. टोमणा धारदार होता, आणि सोशल डेमोक्रॅटांच्या चुकाही थोड्या नव्हत्या. पण नाझी दाराशी येऊन उभे असताना कामगारांचे दोन मोठे पक्ष एकमेकांना मुख्य शत्रू मानीत राहिले. 1933 साली दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते एकाच छळछावणीत गेले. कात्री कितीही कुशल असली तरी कोणावर चालवावयाची हे ती सांगत नाही. ते राजकारणाने सांगावे लागते. डाव्या चळवळीत आजही एकमेकांच्या डोक्याचे कोबी करण्यात ज्यांना आनंद वाटतो, त्यांनी हे चित्र जरूर भिंतीवर लावावे.

आता आपण मॉस्कोकडे वळू. कारण प्रश्न तेथे अधिक बिकट होतो. अलेक्झांडर रॉडचेंको हा हार्टफील्डच्याच वयाचा; दोघेही 1891 साली जन्मलेले. क्रांतीनंतरच्या रशियात ‘लेफ’ या नियतकालिकाची मुखपृष्ठे त्याने केली. जाड सरळ अक्षरे, ठळक पट्टे, लाल-काळ्या रंगांचा मोकळा वापर ही त्याची शैली. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला आणि तो पोटाच्या उंचीवर धरून समोर पाहण्याची जुनी रीत मोडली. गच्चीवरून खाली, जमिनीवरून वर, तिरके, जवळून, असे जग त्याने दाखविले. नव्या समाजाला नवी दृष्टी हवी, ही त्याची धारणा होती. आज जगातील असंख्य मासिकांच्या व भित्तिचित्रांच्या मांडणीत त्याची तिरकी रेषा दिसते. पुष्कळदा ती वापरणाऱ्यांना तिचे मूळही ठाऊक नसते.

1933 साली सोव्हिएत सरकारच्या एका देखण्या मासिकाचा अंक त्याने सजविला. अनेक भाषांतून निघून हे मासिक परदेशांत जात असे. अंकाचा विषय होता श्वेत समुद्र व बाल्टिक समुद्र जोडणारा 227 किलोमीटरांचा कालवा. तो खोदला कैद्यांनी. एक लाखाहून अधिक कैदी त्यावर राबले, बहुतांशी कुदळ, फावडे आणि हातगाडी यांच्या बळावर. त्यांतले हजारो थंडीने, उपासमारीने, श्रमाने मेले. रॉडचेंकोच्या पानांवर काय दिसते? खडकावर तुटून पडलेली माणसे, त्यांच्याशेजारी वाजणारा वाद्यवृंद, श्रमाने गुन्हेगाराचा नवा माणूस होत असल्याची कथा. मांडणी अप्रतिम आहे. मेलेल्यांपैकी एकालाही त्या पानांवर जागा नाही.

पुढच्याच वर्षी त्याने उझबेकिस्तानच्या दहा वर्षांच्या प्रगतीचा एक ग्रंथ सजविला. त्यात तेथील पुढाऱ्यांची छायाचित्रे होती. 1937 च्या सुमारास त्यांतले कित्येक पुढारी स्टॅलिनच्या शुद्धीकरणात ठार झाले, आणि त्यांचे चित्र जवळ बाळगणे हाही धोका ठरला. तेव्हा रॉडचेंकोने आपल्या घरातल्या प्रतीतील त्या चेहऱ्यांवर स्वतःच्या हाताने काळी शाई फासली. ती प्रत पुढे उजेडात आली. छायाचित्रकलेच्या इतिहासात याहून भयानक पाने क्वचितच असतील. ज्याने लोकांना पाहायला शिकविले, त्याला आपल्याच ग्रंथातले चेहरे पुसावे लागले. मला त्याचा राग येत नाही, कीव येते. त्याच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हे छातीवर हात ठेवून कोणी सांगावे?

म्हणून या भाषणाच्या शीर्षकातला प्रश्न मला अपुरा वाटू लागला आहे. कात्री कोणाच्या हाती, असे आपण विचारतो आणि ती कामगारांच्या हाती आली की निश्चिंत होतो. मॉस्कोतली कात्री कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्याच्याच हाती होती. तेव्हा दुसरा प्रश्न विचारलाच पाहिजे: कापलेला तुकडा कोठून आला आणि काय कापून टाकले, हे वाचकाला कळू दिले आहे काय?

शैली स्वतः कोणाचीच बांधील नसते. रशियातच जन्मलेला, पण क्रांतीविरुद्ध लढून परागंदा झालेला अलेक्सी ब्रोडोविच 1934 पासून 1958 पर्यंत न्यूयॉर्कच्या ‘हार्पर्स बझार’ या फॅशनच्या मासिकाचा कलासंपादक होता. चित्र धीटपणे कापणे, पानावर भरपूर कोरी जागा सोडणे, समोरासमोरची दोन पाने एक समजून मांडणे, हे त्याच्यापासून जगभरच्या संपादकांनी घेतले. त्याने ते झगे विकण्यासाठी वापरले. आपण ते वेठबिगारांची कहाणी सांगण्यासाठी वापरू शकतो. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. कोरी जागा कोणाच्या बापाची नसते.

आपल्या देशातही ही परंपरा आहे आणि तिचा धागा मुंबईतून जातो. कम्युनिस्ट पक्षाचे ‘पीपल्स वॉर’ हे साप्ताहिक मुंबईहून निघत असे. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांनी सुनील जाना या तरुण छायाचित्रकाराला व चित्रकार चित्तप्रसाद यांना दुष्काळी भागात आणले. जानांची छायाचित्रे त्या साप्ताहिकात आली आणि सरकार ज्याला अन्नटंचाई म्हणून मोडीत काढू पाहत होते, तो नरसंहार होता हे लोकांना दिसले. चित्तप्रसादांची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळली. त्या पक्षाशी आपले मतभेद होते आणि आहेत; परंतु हे ऋण मान्य करण्यात आपला काहीच कमीपणा नाही.

आता एक कबुली. 1972 च्या दुष्काळात विशी नुकतीच ओलांडलेला मी एका साप्ताहिकाचा अंक लावण्यास मदत करीत असे. खडी फोडणाऱ्या बायांनी थकलेल्या मजुरीसाठी तहसील कचेरीवर मोर्चा नेला. त्याचे छायाचित्र आमच्याकडे नव्हते. छापखान्यात दुसऱ्याच एका मोठ्या मोर्चाचा जुना ब्लॉक पडून होता. आम्ही तो ठोकून दिला. पान भरदार दिसले. आठवड्याने त्या बायांपैकी एक म्हातारी कचेरीत आली, अंक पुढे ठेवून म्हणाली, “दादा, मोर्चा आमचा लिवलाय, पर मानसं आमची न्हाईत. आमी दोनशेच होतो. पर आमी होतो.”

मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही. मोर्चा मोठा दाखविण्याच्या नादात आम्ही त्या दोनशे बायांना त्यांच्याच मोर्चातून पुसून टाकले होते. आमच्या हाती काळी शाई नव्हती, एवढाच काय तो फरक.

आज तर ब्लॉकही शोधावा लागत नाही. न झालेल्या मोर्चाचे, न जन्मलेल्या माणसाचे चित्र यंत्र क्षणात रचून देते, आणि त्यात सांधा शोधूनही सापडत नाही. विरोधक हे करतात म्हणून आपणही करावे, असे म्हणणारे कार्यकर्ते मला भेटतात. त्यांना माझे सांगणे एवढेच, की खोट्या चित्रांच्या शर्यतीत ज्याच्याकडे पैसा अधिक तोच जिंकणार. आपल्याकडे एकच भांडवल आहे. आपण होतो, आपण पाहिले, आणि हे आपण सिद्ध करू शकतो.

म्हणून चार साधे नियम आपण आजपासून पाळू या. प्रत्येक छायाचित्राखाली स्थळ, तारीख आणि काढणाऱ्याचे नाव छापावे. नाव उघड केल्याने त्याला धोका असेल तर ते संपादकाने स्वतःजवळ नोंदवून ठेवावे. जुने चित्र वापरले तर जुने म्हणून सांगावे. रचलेले चित्र हार्टफील्डप्रमाणे उघडपणे रचावे. रचलेले आहे हे वाचकाला पहिल्या नजरेत कळले पाहिजे. आणि ज्याचे दुःख आपण छापतो त्याला विचारून छापावे व अंक त्याच्या हाती नेऊन द्यावा. चित्र खरे की खोटे, याचा शेवटचा निवाडा संपादकाचा नव्हे, त्याचा आहे.

जर्मनीतल्या त्या पत्राने वाचकाच्याच हाती कॅमेरा दिला होता. आज तो आपल्या प्रत्येक शाखेत, प्रत्येकाच्या खिशात आहे. पुढच्या अंकासाठी आपापल्या गावातले एक चित्र पाठवा. मोर्चात दोनशेच माणसे असली तर दोनशेच दिसू द्या.