बीपीची गोळी आठवणीसाठीही



घरातलं म्हातारं माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागलं, की आपण म्हणतो, 'साठी बुद्धी नाठी.' पण सगळं विसरणं वयामुळे होत नाही. त्याचं एक मोठं कारण रक्तवाहिन्यांत असतं, आणि त्यावर आपल्याला वेळीच उपाय करता येतो.

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. हा प्राणवायू रक्तातून, बारीक बारीक नळ्यांमधून पोचतो. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं की या नळ्या जाड आणि कडक होतात. ठिबकच्या नळीत क्षार साचला की शेवटचं झाड सुकतं ना, तसंच मेंदूचं होतं. साखरेचा आजार आणि तंबाखूही हेच करतात. आपली मिसरीसुद्धा तंबाखूच!

कधी इतका लहान झटका येतो की कळतही नाही. असे झटके साठत गेले की हिशोब चुकतो, स्वयंपाकात पुढं काय करायचं ते सुचत नाही, चाल मंदावते. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. म्हणून काळजी चाळिशीपासूनच घ्यायची.

बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच दुखत नाही. ते मोजूनच कळतं. उपकेंद्रात किंवा आशाताईंना विचारून मोजून घेऊया. पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं, तर डॉक्टरांना दाखवूया. बरं वाटतंय म्हणून गोळी आपल्या मनानं थांबवायची नाही. घरच्यांच्या गोळ्या आपण वेळेवर देतो, आपली मात्र संपली की बाजाराच्या दिवसापर्यंत थांबतो. हे आता बंद करूया. मीठ माणशी दिवसाला एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. लोणचं-पापडातलंही त्यातच धरायचं.

अचानक तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर झोपून बरं वाटेल म्हणून थांबायचं नाही. लगेच १०८ ला फोन करायचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीच्या आकड्याबरोबर प्रत्येकीनं आपल्या बीपीचा आकडाही सांगूया.