किलोमागे किती वॅट?

मी मानपाड्याहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक. आजचा विषय जरा वेगळा आहे. ज्यांच्या घरात सायकल चालवणारी मुलगी आहे, त्यांनी हातातलं काम चालू ठेवून कान मात्र इकडे द्या.

रविवारी पहाटे येऊरच्या चढावर सायकलवाले दिसतात ना, त्यांच्या तोंडी एक हिशोब असतो, किलोमागे किती वॅट. तो आता आपल्या पोरींच्या कानावरही येतो. आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीने शर्यतीसाठी रात्रीची भाकरी बंद केली. कुणीतरी तिला सांगितलं होतं, वजन उतरव, आकडा आपोआप वर जाईल. म्हणून हा आकडा आपणच समजून घेऊ.

वॅट आपल्याला बल्बमुळे ठाऊक आहे. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब आठवा. पेडल मारताना पायही शक्ती तयार करतात. पेडलवर किती जोर पडतो आणि ते किती वेगाने फिरतं, यावरून तिचे वॅट निघतात. महागड्या सायकलींना ते मोजणारं यंत्र बसवतात, त्याला पॉवर मीटर म्हणतात.

मग वजनाने का भागायचं? आपल्या गटाचंच बघा. २० बायकांच्या गटाने महिन्याला ४००० रुपये जमवले आणि १० जणींच्या गटाने ३०००. एकूण रक्कम पहिल्याची मोठी, पण दर बाईमागे पहिल्याचे २०० आणि दुसऱ्याचे ३००. तसंच हे. धिप्पाड गडी वॅट जास्त काढतो, पण चढावर त्याला स्वतःचं वजनही ओढावं लागतं. सपाट रस्त्यावर मात्र वाऱ्याशी झुंज असते, तिथे एकूण वॅट कामाला येतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात ते उगीच नाही. घाटाची परीक्षाच निराळी.

हे यंत्राशिवायही मोजता येतं. वजन किलोमध्ये, गुणिले चढलेली उंची मीटरमध्ये, गुणिले ९.८, आणि त्याला लागलेल्या सेकंदांनी भागा. ५० किलोची बाई ५ मजले, म्हणजे साधारण १५ मीटर, एका मिनिटात चढली तर १२२ वॅट झाले. किलोमागे जवळजवळ अडीच. तीच बाई हंडा आणि पाणी मिळून १५ किलो डोक्यावर घेऊन तेवढ्याच वेळात चढली तर १५९ वॅट, किलोमागे ३ च्या वर! जगातले अव्वल पुरुष सायकलपटू मोठ्या घाटात अर्धा तास ६ च्या आसपास टिकवतात. त्यांचा अर्धा तास आणि आपलं एक मिनिट, हा फरक आहेच. तरी पाणी भरणाऱ्या बाईला कुणी कमजोर म्हणू नये.

आता सायकलचं वजन धरा. साधी सायकल २० किलोची समजू. ४५ किलोची मुलगी १०० मीटर उंचीचा चढ १० मिनिटांत चढली तर तिला १०६ वॅट लागतात, किलोमागे २.४. ७० किलोचा मुलगा त्याच सायकलवर तेवढ्याच वेळात चढला तर त्याचे वॅट १४७, पण किलोमागे २.१ च. रस्त्याचं घर्षण आणि वारा मी यात धरलेला नाही. म्हणजे दोघं एकदम वर पोचली, तरी किलोमागे जास्त जोर मुलीनेच लावला. जड सायकल हलक्या पोरीला जास्त नडते. मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेल्या मुली रोज शाळेला जातात, त्यांचे पाय काय करतात ते यावरून कळेल.

आता त्या भाकरीकडे येऊ. भागाकारात वर वॅट, खाली वजन. वजन ४५ चं ४२ झालं आणि उपाशीपोटी वॅट १०६ चे ९२ वर आले, तर आकडा २.४ वरून २.२ वर घसरतो. वाढत्या वयात तर खालचा आकडा मुद्दाम कमी करणं मला साफ नामंजूर आहे. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की पाळी लांबते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात. त्यात आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. स्नायूंना प्राणवायू पोचवतं ते हिमोग्लोबिन. तेच कमी, तर पाय जोर कुठून लावणार?

त्या ताईंना मी एवढंच सांगितलं: आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. मुलीचं १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू करा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिने खरंच गिळली का, तेही विचारा. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं चालत असेल तर अंडं, आणि गोळीबरोबर चहा नको. पाळी तीन महिने आली नाही तर शर्यत बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. आणि सराव घेणाऱ्यांनी पुन्हा वजनाचा विषय काढला तर त्यांना विचारायचं, पोरीचे वॅट वाढवायला तुम्ही काय करताय?