‘अपूर संसार’ : तिसऱ्या चित्रपटाचे ऋण



चित्रत्रयीतील तिसऱ्या चित्रपटाच्या वाट्याला येणारे दैव हेवा करण्याजोगे नसते. पहिल्या चित्रपटाकडे कोणी काही मागितलेले नसते. तो जे देईल ते सारे लाभातच जमा होते. दुसऱ्याने कथा पुढे नेली तरी त्याचे निभावून जाते. तिसऱ्याकडे मात्र प्रेक्षक हिशेबाची वही घेऊन येतो. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग व्यापून झाल्यावर तिसरे पाऊल ठेवायचे कोठे, हा वामनालाही पडलेला प्रश्न आहे. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या ‘गॉडफादर’चा तिसरा भाग दुसऱ्यानंतर तब्बल १६ वर्षांनी, १९९० मध्ये आला आणि पहिल्या दोहोंच्या तुलनेत उणा पडलेला भाग हीच त्याची ओळख होऊन बसली. पीटर जॅक्सन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या २००३ मधील तिसऱ्या भागाने ११ ऑस्कर मिळवले खरे, पण तेथे तिन्ही चित्रपट एकाच वेळी चित्रित झाले होते आणि कथेचा शेवट पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. वाट चालता चालताच जिला आपला शेवट शोधावा लागला, अशी चित्रत्रयी आपल्याच देशात आहे. ती सत्यजित राय यांची. तिच्यातील तिसऱ्या चित्रपटाने, १९५९ मधील ‘अपूर संसार’ने, अपेक्षा पुऱ्या केल्या की नाही, हा आजचा विषय.

‘पथेर पांचाली’ १९५५ मध्ये प्रकाशित झाला, तेव्हा त्रयीचा संकल्प नव्हता. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ व ‘अपराजितो’ या दोन कादंबऱ्या बंगालच्या घराघरांत वाचल्या गेल्या होत्या. पैशांची चणचण सोसत, चित्रीकरण पुनःपुन्हा थांबवत पूर्ण झालेल्या त्या पहिल्या चित्रपटाने नवख्या दिग्दर्शकाला जगाच्या नकाशावर नेऊन ठेवले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘अपराजितो’ची गत निराळी झाली. १९५७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला ‘सुवर्णसिंह’ हा सर्वोच्च सन्मान मिळाला; घरच्या प्रेक्षकाने मात्र पाठ फिरवली. कारण उघड होते. शिक्षणासाठी कोलकात्याला गेलेला अपू विधवा आईकडे हळूहळू दुर्लक्ष करू लागतो. सुटीत घरी आला तरी त्याचे चित्त शहरातच असते, आणि इकडे ती माऊली गाडीच्या आवाजाकडे कान लावून झिजत जाते. हे पाहणे अनेकांना दुःसह झाले. महाराष्ट्रातील प्रेक्षकाला ही अस्वस्थता समजावून सांगावी लागू नये. १९५३ सालच्या ज्या चित्रपटाने राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवले, तो आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ होता. आईच्या शब्दासरशी वळणारा श्याम ज्यांच्या हृदयात वसला, त्यांना आईला विसरू पाहणारा अपू सहजी कसा रुचावा?

व्हेनिसमध्येच वार्ताहरांनी राय यांना विचारले की, ही कथा तीन चित्रपटांची आहे काय? राय यांच्या तोंडून होकार निघून गेला. तिसऱ्या चित्रपटाचा जन्म असा भर सभेत दिलेल्या शब्दातून झाला. त्यानंतर मध्ये ‘परश पाथर’ आणि ‘जलसाघर’ हे दोन चित्रपट करून मगच राय अपूकडे परतले. तेव्हा एका बाजूला जगाने डोक्यावर घेतलेले दोन चित्रपट होते, दुसऱ्या बाजूला आपलाच रुसलेला प्रेक्षक आणि तिसरीकडे ओळ न् ओळ पाठ असलेले कादंबरीचे वाचक. त्यातून अपूसाठी पुन्हा नवा चेहरा शोधणे आले. बाल अपू, किशोर अपू आणि कुमार अपू या भूमिका तीन वेगवेगळ्या मुलांनी केल्या होत्या. तरुण अपू म्हणून आलेले सौमित्र चटर्जी यांनी तोवर चित्रपटात कधी पाऊल ठेवले नव्हते. नायिका शर्मिला टागोर हिची तर वयाची पंधरा वर्षेही पूर्ण व्हायची होती. एवढ्या अपेक्षांचे ओझे दोन नवख्या खांद्यांवर देण्याचे धाडस राय यांनी केले, हे येथे नमूद केले पाहिजे.

आता शीर्षकाकडे वळू. इंग्रजीत या चित्रपटाला ‘द वर्ल्ड ऑफ अपू’ म्हणतात. त्यात ‘संसारा’चे अर्धे अंग गळून पडते. मराठी माणसाला मात्र या शब्दासाठी कोशात पाहावे लागत नाही. जन्ममरणाच्या फेऱ्याला आपण संसार म्हणतो आणि चूल, दोन भांडी व एक अंथरूण घेऊन मांडलेल्या घरालाही संसारच म्हणतो. चित्रपटाचा सारा भार या दुहेरी अर्थावर तोललेला आहे. अपूचे आजवरचे आयुष्य हे सोडून जाण्याचे आयुष्य. ‘पथेर पांचाली’ संपतो तो बैलगाडीत बसून निश्चिंदिपूर सोडणाऱ्या कुटुंबावर. ‘अपराजितो’ संपतो तो आईच्या मृत्यूनंतर गाव सोडणाऱ्या अपूवर. वडिलांचे पौरोहित्य पुढे चालव, ही सूचना तो नाकारतो, आईचे श्राद्धही कोलकात्यातच करीन म्हणतो आणि गाठोडे घेऊन चालू लागतो. दोन्ही वेळा चित्रपटाची सहानुभूती जाणाऱ्याच्या बाजूने आहे, कारण जाणे म्हणजे वाढणे आहे. तिसरा चित्रपटही असाच एखाद्या प्रस्थानावर संपवला असता, तर कोणी तक्रार केली नसती. कादंबरीचा शेवट तोच आहे.

पण त्याआधी मधल्या संसाराविषयी. मित्र पुलू याच्या आग्रहाखातर अपू खुलन्याकडच्या एका गावी लग्नाला जातो. नवरदेव वेडा असल्याचे ऐन वेळी उघड होते. मुहूर्त टळला तर मुलीला जन्मभर अविवाहित राहावे लागेल, या समजुतीपोटी वधूपक्षाचे लोक नदीकाठी पहुडलेल्या अपूला गळ घालतात. शिकलासवरलेला अपू प्रथम संतापतो आणि मग विचारात पडतो. या प्रसंगी रूढीची टर उडवणे सोपे होते आणि तिचे गोडवे गाणे त्याहून सोपे. राय यांपैकी काहीच करीत नाहीत. एका अनोळखी मुलीचे आयुष्य आपल्या होकारावर लटकले आहे, एवढेच त्या तरुणाला कळते आणि तो उभा राहतो. कर्तव्य आधी, ओळख नंतर आणि प्रेम त्याही नंतर, असा हा क्रम आहे.

त्यानंतर येणारी, जेमतेम अर्ध्या तासाची दोघांची कहाणी भारतीय चित्रपटातील दांपत्यजीवनाचे सर्वांत निर्मळ चित्रण आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. रेल्वेच्या रुळांलगतची गच्चीवरची खोली. श्रीमंत घरची अपर्णा प्रथम खिडकीच्या फाटक्या पडद्यातून बाहेर पाहते, तिचे डोळे भरून येतात, आणि खाली खेळणाऱ्या एका लेकराला पाहून चेहरा बदलतो. पुढच्या प्रसंगात पडदा नवा आहे. सकाळी उठताना तिच्या पदराची गाठ नवऱ्याच्या वस्त्राला बांधलेली निघते. उशीवर तिची केसांतली पिन राहून गेलेली असते. ती कोळशाची शेगडी पेटवते. सिगारेटच्या पाकिटात, जेवणानंतर एकच, अशी आठवण करून देणारी चिठ्ठी घालून ठेवते. कोठेही अंगचटीला येणे नाही, लांबलचक संवाद नाहीत. बन्सी चंद्रगुप्त यांनी उभारलेली ती खोली आणि सुब्रत मित्र यांचा प्रकाश यांमुळे दारिद्र्यही घरातल्या माणसासारखे तेथे नांदते. चित्रपट पाहून घोडागाडीतून परतताना काडीच्या उजेडात अपू तिच्या डोळ्यांकडे पाहतो आणि त्यांत काय आहे म्हणून विचारतो. उत्तर येते, काजळ. पुढे त्यांच्या मुलाचे नाव काजल असते. या दोन गोष्टींमधला धागा राय बोलून दाखवत नाहीत.

आणि मग मृत्यू. या त्रयीत मृत्यूंची एक रांगच आहे, आणि तिच्याकडे क्रमाने पाहिले तर तिसऱ्या चित्रपटाची योग्यता कळते. इंदिर ठाकरुणचा निष्प्राण देह मुलांना वाटेत सापडतो. दुर्गेची शेवटची रात्र वादळासह आपल्यासमोर घडते. काशीत हरिहरच्या मुखात गंगाजल पडते आणि घाटावरची कबुतरे एकदम आकाशात उठतात. सर्वजयेचा मृत्यू दिसत नाही. अपू पोहोचतो तो रिकाम्या घरात. अपर्णेच्या वेळी तर फक्त निरोप येतो, माहेरी बाळंतपणात गेल्याचा. तिचे पत्र ट्रामच्या गर्दीत वाचून हसत घरी आलेला अपू निरोप आणणाऱ्या तिच्या भावावरच हात उगारतो. मृत्यू पडद्यापासून पायरी पायरीने दूर सरकत गेला आहे आणि दुःख तेवढेच जवळ आले आहे. हा क्रम पहिल्या दोन चित्रपटांत अपुराच होता. तिसऱ्याने तो पूर्ण केला.

आगगाडीचेही तसेच. काशफुलांच्या रानात बहीणभावांनी पाहिलेली गाडी हे अवघ्या बालपणाचे नवल होते. ‘अपराजितो’त तीच गाडी आईच्या प्रतीक्षेची खूण झाली. येथे तिच्या कर्कश शिटीने अपर्णा कान झाकून घेते, आणि पुढे त्याच रुळांजवळ अपू जीव द्यायला उभा राहतो. गाडीखाली सापडतो तो एक डुक्कर. त्याची किंकाळी तेवढी ऐकू येते. अखेरीस गाडी उरते ती खेळण्यातली. बापाने मुलासाठी आणलेली, आणि मुलाने भिरकावून दिलेली.

उणिवा नाहीत असे मुळीच नाही. पत्नीवियोगानंतरचे अपूचे भटकणे घाईने उरकले आहे. समुद्र, अरण्य, डोंगर अशी दृश्ये एकामागून एक येतात, आणि रविशंकर यांचे संगीत त्यांना बांधून ठेवते म्हणून ती टिकतात. स्वतःची कादंबरी डोंगरावरून वाऱ्यावर सोडून देणारा अपू पाहून, दुर्गेने चोरलेली माळ डबक्यात फेकणारा लहान अपू आठवतो, हे खरे. पण त्या लहानग्याच्या कृतीत जी शांतता होती, तिच्यापुढे ही कृती थोडी नाटकी वाटते. काजलचे आजोबाही राग आणि छडी यांपलीकडे फारसे दिसत नाहीत. वस्तुतः जावयाने टाकून दिलेल्या नातवाला पाच वर्षे सांभाळणारा तो वृद्ध अधिक सहानुभूतीचा धनी होता. विभूतिभूषणांची लीला तर दोन्ही चित्रपटांतून वगळली गेली, आणि कादंबरीच्या वाचकांना ही पोकळी जाणवत राहते. एकेकटा पाहिला तर ‘पथेर पांचाली’च्या ताजेपणाची बरोबरी ‘अपूर संसार’ करीत नाही, असे कोणी म्हटल्यास वाद घालण्याचे कारण नाही.

प्रश्न समारोपाचा आहे, आणि तेथे राय यांनी मोठा धोका पत्करला. कादंबरीतील अपू मुलाला निश्चिंदिपुरात लहानपणीच्या राणूदीच्या हवाली करून दूरदेशी निघून जातो. जुन्याच गावात नवा अपू वाढू लागतो आणि वाट पुढे चालूच राहते. त्या शेवटात फार मोठे काव्य आहे. राय यांनी तो बदलला. प्रेक्षकाला गोड वाटावे म्हणून बदलला काय? ‘अपराजितो’च्या अपयशानंतर ही शंका येणे स्वाभाविक आहे, परंतु चित्रपट नीट पाहिला की ती टिकत नाही. आईला एकटी टाकून गेलेला मुलगा तिसऱ्या चित्रपटात स्वतः बाप आहे, आणि बाप म्हणूनही त्याने तेच केले आहे. अपर्णेच्या मृत्यूला हे मूल कारण झाले, या भावनेने पाच वर्षे त्याने पोराचे तोंडही पाहिलेले नाही. आता त्याला पुन्हा निघून जाऊ दिले असते, तर त्या जाण्याला वाढ म्हणता आले नसते. आपल्याकडे पितृऋण हा शब्द आहे. ते वडिलांचे ऋण मुलाला वाढवून फिटते, असे मानतात. सर्वजयेचे जे देणे अपूच्या हातून राहून गेले होते, ते फेडण्याची जागा काजल हीच होती. म्हणून शेवटचा हा बदल कादंबरीशी प्रतारणा करीत असला, तरी पहिल्या दोन चित्रपटांशी इमान राखतो. अपेक्षापूर्ती म्हणायची ती हीच. ‘अपराजितो’ने दुखावलेल्या प्रेक्षकाला राय यांनी अपूची बाजू समजावून सांगितली नाही, अपूलाच परत पाठवले.

त्या वर्षीचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. १९६० मध्ये लंडनच्या महोत्सवात सदरलँड करंडक मिळाला. १९९३ मध्ये लंडनमधील एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. त्यांतून जेवढे वाचले त्याची अतोनात कष्टाने डागडुजी झाली आणि २०१५ मध्ये ही त्रयी नव्या प्रतींत जगापुढे पुन्हा आली. सौमित्र चटर्जी २०२० मध्ये गेले, तेव्हा साठ वर्षांच्या कारकिर्दीनंतरही देशभर आठवण निघाली ती गच्चीवरच्या त्या खोलीतील अपूचीच.

शेवटचे दृश्य पुन्हा एकदा पाहण्यासारखे आहे. काजल बापाला बाप म्हणून स्वीकारत नाही; तो त्याला दगड मारतो. आजोबांची उगारलेली छडी अपू अडवतो, पण मुलगा जवळ येत नाही. हरलेला अपू एकटाच निघतो, नेहमीसारखा. या वेळी मात्र मागून पावले येतात. मुलगा विचारतो, मला कोलकात्याला बाबांकडे नेशील का? नेईन, म्हणतो. तू कोण? अपू सांगतो, मित्र. ‘बाप’ हा शब्द तो उच्चारतच नाही. पोर धावत येते, अपू त्याला खांद्यावर घेतो आणि नदीकाठच्या वाटेने चालू लागतो. दूर मागे आजोबा उभे आहेत.