चार पर्याय आणि एक रुग्ण



या परिचर्या संमेलनाच्या स्वागत समितीच्या वतीने बोरीवलीत आपले मनःपूर्वक स्वागत. कुणी विरारहून, कुणी कल्याणहून लोकलच्या गर्दीतून आलात. काही जणी तर रात्रपाळी उरकून थेट सभागृहात पोहोचल्या आहेत. त्यांच्यासाठी चहा दोनदा सांगून ठेवला आहे.

स्वागताध्यक्षाने आपल्या गावाचे कौतुक करावे, असा रिवाज आहे. पूर्वेला राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरीची लेणी, पश्चिमेला गोराईची खाडी, मधे दाटीवाटीची वस्ती, ही आमची बोरीवली. पण तुमच्यासमोर मी वेगळे कौतुक करते: परिचारिकेच्या परीक्षेला लागणारा बराचसा अभ्यासक्रम या गावाने आपल्या हद्दीतच मांडून ठेवला आहे.

उद्यानातल्या पाड्यांपासून सुरुवात करू. पावसाळ्यात सर्पदंश ठरलेला. घोणस चावली की रक्त गोठेनासे होते. ते ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचे, २० मिनिटे नळीला हात लावायचा नाही, मग ती एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर डॉक्टरांना तत्काळ कळवायचे, कारण प्रतिविषाची वेळ झालेली असते. नळी प्लास्टिकची घेतली, तर चांगले रक्तही न गोठलेले दिसते. हे ‘का’ ज्या विद्यार्थिनीला ठाऊक आहे, ती घाईतही नळी बदलून घेईल.

पावसाळ्यातला दुसरा पाहुणा डेंग्यू. पाचव्या दिवशी ताप उतरतो, नातेवाईक डिस्चार्जचे विचारू लागतात. तुमच्या हातातल्या चार्टवर बीपी १००/८४ आहे. वरचा आकडा पाहून ‘बरा आहे’ म्हणाल, तर फसाल. दोन आकड्यांत अंतर फक्त १६ उरले आहे. ते २० किंवा त्याखाली आले की रुग्ण शॉककडे निघालेला असू शकतो. अशा वेळी हातपाय गार आहेत का, पोट दुखते का, लघवी कमी झाली का, हे बघायचे आणि फोन उचलायचा.

प्रसूतिकक्षातही आधी पाहायचे, मग कृती करायची. मॅगसल्फचा पुढचा डोस भरण्याआधी गुडघ्याचा झटका येतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का, लघवी तासाला किमान ३० मिली होते का, हे तपासायचे. कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये तयार हवे.

आता परीक्षेकडे वळू. आपल्या राज्यात जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते, आणि ती नोंदणी म्हणजेच काम करण्याचा परवाना. अमेरिकेला जाणाऱ्यांना एनक्लेक्स द्यावी लागते. एप्रिल २०२३ पासून तिचा साचा बदलला: ८५ ते १५० प्रश्न, ५ तास, आणि एकाच रुग्णाची उलगडत जाणारी हकिकत. लक्षण टिपा, अर्थ लावा, आधी काय ते ठरवा, कृती करा, परिणाम तपासा, असा तिचा क्रम. कित्येकदा चारही पर्याय बरोबर दिसतात. ‘सर्वांत आधी कोणता?’ एवढेच विचारलेले असते. गाईड पाठ करून हा प्रश्न सुटत नाही. वॉर्डात रोज सकाळी राउंडच्या आधी तो सुटलेला असतो, फक्त विद्यार्थिनीला कुणी तो प्रश्न म्हणून दाखवलेला नसतो.

म्हणून शिक्षकांना आणि परिसेविकांना माझी विनंती आहे. क्लिनिकल पोस्टिंगला आलेल्या मुलींना केवळ चादरी बदलायला आणि टीपीआर उतरवायला लावू नका. रोज एकदा वॉर्डात थांबून विचारा, ‘या सहा रुग्णांपैकी आधी कुणाकडे जाशील, आणि का?’ विद्यार्थ्यांनो, तुम्हीही न विचारता उत्तर देत चला. चुकलात तर पोस्टिंगमध्येच चुका, तिथे सावरायला ज्येष्ठ सिस्टर उभी असते.

व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्या, आणि चर्चेत मात्र कुणालाही सांभाळून घेऊ नका.