बिघडलेली पेशी मरते कशी?

दिंडोरी परिसरातल्या ताई-मावश्यांनो,

द्राक्षाच्या घडात एखादा मणी सडला…
की तुम्ही कात्रीने तो लगेच काढता.
बाकीचा घड वाचतो.

शरीरात हेच काम एक प्रथिन करतं.
त्याचं नाव… पी-५३.
पेशीतला डीएनए बिघडला, की ते पेशीची वाढ थांबवतं.
दुरुस्ती जमत नसेल, तर पेशीला मरायला लावतं.

गर्भाशयमुखात मात्र एचपीव्ही हा विषाणू कधीकधी ठाण मांडतो.
त्याचं ई-६ हे प्रथिन पी-५३चा नाश घडवून आणतं.
मग बिघडलेली पेशी मरत नाही.
ती वाढतच जाते.
लक्षात ठेवा…
बिघडलेली पेशी मरत नाही, म्हणून कॅन्सर होतो.

पण त्याला बरीच वर्षं लागतात.
तेवढ्यात तपासणी करून तो रोखता येतो.

तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ साली आला.
एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात…
या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

आणखी एक सोपी तपासणी आहे.
गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावतात.
मिनिटभरात संशयित भाग पांढरा दिसतो.

तिशी ओलांडली असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.
त्रास नसला, तरीही विचारा.