एकतीस गोल खाल्लेला गोलरक्षक
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



हरणाऱ्या माणसावर हसणं सोपं असतं. त्याला सोबत घेऊन हसायचं, तर विनोद करणाऱ्याची कसोटी लागते. 'नेक्स्ट गोल विन्स' हा चित्रपट पाहताना मला हे पुन्हा जाणवलं. न्यूझीलंडचे दिग्दर्शक तायका वैतिती यांचा हा 2023 सालचा विनोदी चित्रपट एका हौशी फुटबॉल संघाची गोष्ट सांगतो आणि ती गोष्ट मुळात खरी आहे.

अमेरिकन समोआ म्हणजे प्रशांत महासागरातली चिमुकली बेटं. लोकवस्ती आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. 11 एप्रिल 2001 रोजी ऑस्ट्रेलियातल्या कॉफ्स हार्बर इथे विश्वचषकाच्या पात्रता फेरीत या संघाची गाठ यजमानांशी पडली. पासपोर्टाच्या नियमामुळे मूळ संघातले जवळजवळ सगळे खेळाडू अपात्र ठरले होते. वीस वर्षांखालच्या संघातल्या मुलांना बोलवावं, तर त्यांच्या शाळेच्या परीक्षा. शेवटी मिळतील ती पोरं गोळा करून संघ उभा केला, त्यात काही पंधरा वर्षांची. मूळ संघातला एकच जण उरला होता, गोलरक्षक निकी सालापू.

निकाल लागला 31-0. एकट्या आर्ची थॉम्प्सनने 13 गोल केले. गोल इतके झाले की फलक सांभाळणाऱ्याचा हिशेब चुकला आणि फलकावर 32 लागले. पुढे तो आकडा दुरुस्त झाला. विनोदी लेखकाला असा प्रसंग सुचला असता, तर 'फार ओढूनताणून आहे' म्हणून त्यानेच तो खोडला असता.

श्रोतेहो, या गोलरक्षकाबद्दल मला आपुलकी वाटते, त्याला कारण आहे. शाळेत असताना मीही गोलमध्ये उभा राहायचो. चांगला खेळायचो म्हणून नव्हे. पळता येत नाही त्याला गोलमध्ये उभं करायचं, हा आमच्या मोहल्ल्याचा नियम होता. एका सामन्यात मी नऊ गोल खाल्ले. पुढचे कित्येक दिवस गल्लीतली पोरं मला 'नऊ नंबर' म्हणून हाक मारत. घरी अब्बांनी फक्त एवढंच विचारलं, "शेवटपर्यंत उभा होतास ना?" होतो. पण त्यानंतर पुन्हा कधी मी गोलमध्ये उभा राहिलो नाही.

सालापू राहिला. दहा वर्षांनी, 22 नोव्हेंबर 2011 रोजी, शेजारच्या समोआतल्या आपिया इथे अमेरिकन समोआने टोंगाला 2-1 असं हरवलं. फिफाचं सदस्यत्व मिळाल्यानंतरचा त्यांचा हा पहिला विजय. त्या दिवशीही गोलमध्ये सालापूच होता. आणि ज्या टोंगाला त्यांनी हरवलं, त्यांनीही 2001 मध्ये याच ऑस्ट्रेलियाकडून 22 गोल खाल्ले होते. म्हणजे समोर उभे होते तेही त्याच दुखण्यातून गेलेले.

चित्रपटात मला सर्वांत आवडली ती तिथल्या फुटबॉल संघटनेच्या प्रमुखाची मागणी. नव्या प्रशिक्षकाकडे तो चषक मागत नाही, विजयही मागत नाही. त्याला हवा असतो एक गोल. फक्त एक! त्या मागणीवर आपण हसतो आणि हसता हसता गप्प होतो, कारण आपल्यातल्या बहुतेकांच्या मागण्या तेवढ्याच असतात.

याच संघात जाया साएलुआ ही खेळाडू आहे. जन्माने पुरुष, पण स्त्रीसारखं जगणाऱ्या अशा व्यक्तींना समोआत 'फाअफाफिने' म्हणतात आणि तिथल्या परंपरेत त्यांना स्वतःचं स्थान आहे. टोंगाविरुद्धच्या सामन्यात जाया बचावफळीत खेळली. चित्रपटातला प्रशिक्षक तिला जुन्या नावाने हाक मारतो, तेव्हा ती त्याला मैदानावरच आडवं करते. इथे हसू येतं ते प्रशिक्षकाचं, जायाचं नव्हे. विनोदाचं टोक कुणाकडे असावं, हे या दिग्दर्शकाला कळतं.

तक्रार आहे ती एवढीच. चित्रपटाने गोष्टीच्या मध्यभागी बसवलं ते बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाला. थॉमस रोंगेन हा डच-अमेरिकन माणूस खराच आला होता, त्याने शिकवलंही जीव ओतून. पण तो आला सामन्यांच्या काही आठवडे आधी. त्याआधीची दहा वर्षं सराव कुणी केला? प्रत्येक पराभवानंतर बूट पुसून कोनाड्यात कुणी ठेवले? याच नावाचा एक माहितीपट 2014 साली आला होता. त्यात ही माणसं जास्त जवळून भेटतात. दोन्ही पाहायचे असतील, तर आधी तो पाहावा.

मी कविता लिहितो. माझ्या पहिल्या कविसंमेलनात लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या मी खाली बसावं म्हणून. तेव्हा अब्बांचा प्रश्न आठवला आणि पुढच्या संमेलनाला मी पुन्हा गेलो. गोलमध्ये जे जमलं नाही, ते तिथे जमलं. पुढे मोठा कवी झालो, असं मात्र काही नाही. एखाद्या रात्री एखादी ओळ लोकांपर्यंत पोहोचते आणि मागच्या रांगेतून कुणीतरी 'पुन्हा म्हणा' म्हणतं.

माझा तो एक गोल.