धाकाने काम होते, मन लागत नाही
(सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांच्या मेळाव्यातील भाषण)



'नेतृत्वाची पद्धत आणि कामाची प्रेरणा' हा विषय व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात. तिथली उदाहरणे मोठ्या कंपन्यांची असतात. आपण तो विडीच्या सुपाजवळ आणून पाहू.

कारखान्यातून पाने, तंबाखू, सूत आणायचे, घरी विड्या वळायच्या, नेऊन द्यायच्या. मजुरी हजारावर. मालक म्हणतो, वळाल तितके पैसे. आणखी प्रेरणा कशाला? पण तपासणारा मूठभर विड्या बाजूला टाकतो आणि कारण सांगत नाही, तेव्हा बाई काय शिकते? मान खाली घालायला. तोच माणूस एक विडी दाखवून 'इथे तोंड नीट बंद झाले नाही' म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी हात सुधारतो.

हा केवळ स्वभावाचा प्रश्न नाही, सत्तेचा आहे. म्हणूनच १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्या बाईला कामगार मानले आणि नाकारलेल्या विड्यांच्या तंट्यात दाद मागण्याची सोय केली.

१९३९ साली कुर्ट लेविन व सहकाऱ्यांचा अमेरिकेतील मुलांच्या गटांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हुकमावर चालणाऱ्या गटात प्रमुख खोलीबाहेर गेला की काम ढेपाळे. विचारविनिमयाने चालणाऱ्या गटात ते बरेचसे चालू राही. धाकाचे काम धाक असेपर्यंतच.

मात्र गोड बोलणे हा मजुरीला पर्याय नव्हे. पोटापुरते दाम आधी, सन्मानही त्याबरोबरच.

आता आपल्या संघटनांकडे वळू. कुंभारीची कॉ. गोदूताई परुळेकर वसाहत, विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरे, २००६ साली त्यांच्या हाती आली. त्यामागे वर्षानुवर्षांचे मोर्चे आहेत. इतकी वर्षे बाई हुकमाने येत नाही. मागणी आपली वाटावी लागते. मग आपल्या बैठकीची वेळ कोण ठरवते? विड्या द्यायला जायच्या वेळीच ती ठेवतो का? सगळे मराठीतच चालले, तर तेलुगू बोलणारी बहीण गप्प बसते. हिशेब दोघींनाच ठाऊक असेल, तर बाकीच्या केवळ संख्येपुरत्या.

पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करू: अध्यक्षस्थानी आजवर न बसलेली बाई, हिशेबाचे मोठ्याने वाचन, आणि प्रत्येक निर्णय दोन्ही भाषांत. मालकाकडे मागतो ते आधी आपल्या घोळक्यात दिसू दे.